हातपोच

6 नोव्हेंबर 2024, बुधवार

फराळाचे डबे रिकामे झाले, पाहुणे परतले, आजपासून कामाला लागायचं. ॲप लोकांपुढे ठेवण्याइतपत उभं राहिलं आहे. कागद चढवायचा, ज्याला द्यायचा त्याचा मोबाइल नंबर टाकायचा. त्याला लिंक जाते, त्याने ओटीपी टाकला की कागद उघडतो. आणि कोणी, कधी, कोणतं पान किती वेळ पाहिलं ते पाठवणाऱ्याला दिसतं. हे शेवटचं पार्टनरचं लाडकं. कल्पना नवी नाही. 2013 साली सुरू झालेल्या डॉकसेंडने याच एका गोष्टीवर धंदा उभा केला आणि 2021 मध्ये ड्रॉपबॉक्सने ती कंपनी 16.5 कोटी डॉलर मोजून घेतली. तिथे गिऱ्हाईक म्हणजे गुंतवणूकदारांना सादरीकरण पाठवणारा तरुण. आपलं सादरीकरण समोरच्याने कोणत्या पानावर मिटलं, हे जाणून घ्यायला तो आतुर असतो.

असे तरुण बीकेसीत ढिगाने सापडतील. आमची खोली मात्र वांद्रे पूर्वेच्या गांधीनगरात आहे, आणि या बाजूला कागदाची गत वेगळी. म्हाडाचं गृहनिर्माण भवन, एसआरए, उपनगर जिल्हाधिकारी कार्यालय, वांद्रे कोर्ट, थोडं पुढे कुटुंब न्यायालय आणि महारेरा. सप्टेंबरात सरकारी वसाहतीच्या जमिनीवर नव्या उच्च न्यायालयाचंही भूमिपूजन झालं. एवढ्याशा पट्ट्यात इतके शिक्के मुंबईत दुसरीकडे क्वचितच पडत असतील. कागदाचं ॲप इथे चाललं तर कुठेही चालेल.

एक नियम ठरवला. "कसं वाटलं?" असं कुणालाही विचारायचं नाही. शेजारी बसायचं, बघायचं, लिहून ठेवायचं. याकोब नील्सनने 2000 साली मांडलं होतं की पाच माणसं वापरताना पाहिली की बहुतेक दोष उघडे पडतात. पण त्याचे पाच जण एका जातकुळीचे. वांद्रे पूर्वेला पाच माणसं पाच तऱ्हांची निघतात.

8 नोव्हेंबर, शुक्रवार

मित्रमंडळींना लिंका पाठवल्या होत्या. "मस्त", "एकदम क्लीन", अंगठे, टाळ्या. यातलं काहीही कामाचं नाही. कामाचं एकच निघालं. बँकेत असलेल्या मैत्रिणीच्या ऑफिसच्या संगणकावर लिंक उघडतच नाही, तिथे अनोळखी पत्ते अडवलेले असतात. तिने अंगठा मात्र पाठवला होता.

11 नोव्हेंबर, सोमवार

गृहनिर्माण भवनाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात दुपारपर्यंत बसून होते. मालकाने स्टूल दिलं आणि म्हणाला, "बसा ताई, पण मशीनच्या वाटेत येऊ नका."

दुकान म्हणजे दीड माणसाची जागा. एक मोठं मशीन, एक संगणक, भिंतीवर एक व्हॉट्सॲप नंबर ठळक लिहिलेला. गिऱ्हाईक येतं, नंबरावर पीडीएफ टाकतं, हा प्रिंट काढतो, पैसे घेतो, पुढचा. सकाळपासून आधार, पॅन, रेशनकार्ड, वीजबिल, लग्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला. मी त्याच्या स्क्रीनवर नजर टाकली. डाउनलोडचं फोल्डर खाली खाली सरकतच राहिलं. किती महिन्यांचं होतं कुणास ठाऊक. अनोळखी माणसांचे चेहरे, जन्मतारखा, पत्ते, सगळं एका ओळीत.

"हे पुसत नाही का?"

"पुसतो ना. मशीन स्लो झालं की."

त्याचा दोष नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नाही, आणि सांगणाऱ्यांचंही एकमत कधी नव्हतं. मे 2022 मध्ये यूआयडीएआयच्या बेंगळुरू कार्यालयाने आधारची छायाप्रत कुणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या, असं पत्रक काढलं, आणि दोन दिवसांत ते सरकारने मागे घेतलं. गैरसमज होईल म्हणून. मास्क्ड आधार आजही मिळतं. आज दुकानात एकाकडेही नव्हतं.

मग आमचं ॲप दाखवलं. गिऱ्हाइकाने लिंक द्यायची, इथे एकदाच प्रिंट निघेल, नंतर फाइल नाहीशी. मला वाटलं हा खूश होईल. त्याने लिंक उघडली, ओटीपीची चौकट आली, आणि तो माझ्याकडे बघत राहिला.

"ओटीपी कुणाच्या फोनवर येणार?"

"तुमच्या."

"माझा फोन पोराकडे असतो. आणि मागे लाइन बघा."

लाइन खरंच होती. फाइलवर पांढरी नाडी बांधलेला एक माणूस साहेब जेवायला उठायच्या आत वर पोचायला पाहिजे म्हणून पाय आपटत होता. दुकानदाराने त्याची फाइल व्हॉट्सॲपवरून उतरवली, लीगल साइज, दोन्ही बाजूंनी, तीन सेट, पिन मारून हातात. सगळं मिळून एक मिनिट लागलं नसेल. आमची चौकट अजून ओटीपी मागत होती.

निघताना त्याने आपणहून एक गोष्ट सांगितली. लोक तीन सेट का काढतात? दोन आत द्यायला आणि एक पोच घ्यायला. आवक खिडकीवरचा माणूस तिसऱ्या सेटवर शिक्का मारतो, तारीख आणि नंबर घालतो, आणि तो सेट माणूस जिवापाड जपतो. "अर्ज हरवला तरी चालेल ताई, पोच हरवून चालत नाही."

12 नोव्हेंबर, मंगळवार

विधानसभा निवडणुकीच्या कामाला माणसं गेल्यामुळे कार्यालयं निम्मी रिकामी. कोर्टाच्या बाहेर स्टॅम्पवाल्याशी गप्पा. गेल्या महिन्यात शंभराचा स्टॅम्प पाचशेवर गेला, तेव्हापासून लोक त्याच्यावरच चिडतात. त्याला आमच्या ॲपमध्ये काडीचा रस नाही. लिहून ठेवलं.

14 नोव्हेंबर, गुरुवार

कोर्टाबाहेरच्या त्याच फुटपाथवर प्रतिज्ञापत्रं टाइप करणाऱ्या बाई. बोटं न बघता चालतात. त्यांच्या संगणकावरचा मराठी मसुदा आमच्याकडे चढवला आणि समोर आली ती भुताची भाषा. इंग्रजी अक्षरं, उद्गारचिन्हं, कंस. त्या हसल्या. "श्रीलिपी आहे ती. तुमच्याकडे फॉण्ट नाही वाटतं?"

पार्टनर फोनवर म्हणाला, हे जुनं प्रकरण संपलं, आता सगळं युनिकोड. कुठे संपलंय? पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी आणि सीडॅकचं आयएसएम यांवर मराठीतला वकिली, छापखान्यांचा आणि सरकारी मजकूर वर्षानुवर्षं टाइप झाला. त्यात 'क' हे अक्षर साठवलेलंच नसतं. इंग्रजी अक्षर साठवलेलं असतं, आणि फॉण्ट त्याला 'क'चा वेष चढवतो. फॉण्ट काढला की वेष गळतो. अशा फाइलीत नाव शोधलं तर सापडणार नाही, आणि मोबाइलवर तर ती वाचताच येणार नाही.

बाईंची त्यावरची तोड सोपी आहे. प्रिंट काढायची, तिचा फोटो काढायचा, फोटो पाठवायचा. म्हणजे संगणकातला मजकूर कागदावर, कागदावरून पुन्हा फोनमध्ये. आमच्या दृष्टीने हास्यास्पद, त्यांच्या दृष्टीने कधीच न फसलेला उपाय. जुन्या फॉण्टची फाइल ओळखून चढवतानाच तिचं पीडीएफ करून घ्यायचं, हे यादीत सगळ्यात वर टाकलं. पान-वेळेच्या आलेखांपेक्षा वर.

18 नोव्हेंबर, सोमवार

खारच्या एका सीएंकडे जाऊन आले. त्यांचा पहिलाच प्रश्न, "व्हॉट्सॲपपेक्षा यात वेगळं काय?" व्हॉट्सॲप दोन जीबीपर्यंतची फाइल फुकट नेतं, अशिलाला शिकवावं लागत नाही. मी सुरक्षिततेचं बोलायला लागले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, सुरक्षिततेसाठी माझे क्लायंट पैसे देणार नाहीत. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी 'तुम्ही मागितलंच नव्हतं' म्हणतात ना, त्याचं काही करत असाल तर मी देईन."

पुन्हा पोचच.

तिथून मेट्रो 3 ने सीप्झला. ऑक्टोबरात सुरू झालेली भुयारी गाडी, चकाचक. पण खाली उतरलं की फोनला रेंज नाही. समोरच्याला दाखवायचा करार उघडायला गेले तर गोल फिरत राहिला. एकदा उघडलेला कागद फोनमध्ये राहिला पाहिजे. आम्ही तो मुद्दाम राहू देत नव्हतो, सुरक्षितता म्हणून.

20 नोव्हेंबर, बुधवार

मतदान करून आले. मतदान केंद्रात फोन न्यायला बंदी. ओळखपत्र फोनमधल्या डिजिलॉकरवर दाखवू द्या, अशी याचिका झाली होती, ती उच्च न्यायालयाने परवाच फेटाळली. डिजिलॉकर जुलै 2015 पासून आहे, आणि फेब्रुवारी 2017 च्या नियमबदलाने त्यात आलेला दाखला मूळ दाखल्याच्या बरोबरीचा मानला जातो. कायदा बरोबरीचा मानतो, पण दारावरच फोन बंद करून ठेवावा लागला तर बरोबरी काय कामाची? रांगेत माझ्या पुढच्या आजोबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून सरळ कार्ड काढलं आणि आत गेले. माझंही कागदाचंच होतं.

24 नोव्हेंबर, रविवार

काल निकाल लागले, आज आमच्या पहिल्या खऱ्या गिऱ्हाईक सोसायटीची सभा. जुनी इमारत, पुनर्विकास निघालाय. सहकार कायद्याच्या कलम 79-अ खालचे 4 जुलै 2019 चे निर्देश: 51 टक्के सभासदांची संमती, विशेष सभा, वास्तुविशारद नाहीतर प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, फिजिबिलिटी रिपोर्ट, निविदा. प्रत्येक पायरीला कागद, आणि प्रत्येक कागद प्रत्येकाला मिळाला पाहिजे. ॲपसाठी याहून चांगली जागा नाही असं वाटून आम्ही त्यांना तीन आठवड्यांसाठी फुकट दिलं होतं. फिजिबिलिटी रिपोर्ट सगळ्यांना त्यावरूनच गेला.

सभा सुरू झाली आणि कार्पेट एरियाचा विषय निघाला. दुसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदाने रिपोर्टमधल्या आकड्यावर शंका घेतली. सेक्रेटरी काकांनी चष्मा वर केला, खिशातून फोन काढला आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, "तुम्ही रिपोर्ट उघडला गुरुवारी. एकूण चाळीस सेकंद. क्षेत्रफळाचं पान तुम्ही उघडलेलंच नाही. मग शंका कसली घेता?"

दोन क्षण कुणी बोललं नाही. मग सगळेच बोलायला लागले.

"म्हणजे कोण किती वाचतं हे तुम्ही बघत बसता?"

"मी प्रिंट काढून वाचलाय, फोनवर कोण वाचणार पन्नास पानं!"

"आमच्याकडे सून उघडते फोन. तिने किती वेळ पाहिलं ते सांगा की आता."

तळमजल्यावरच्या एक बाई सगळ्यांत शेवटी बोलल्या, आवाज न चढवता. "मी रात्री दोनला उघडला होता. ह्यांची औषधं देऊन झाली की मला वेळ मिळतो. ते तुम्हाला कळायचं कारण काय?"

सेक्रेटरी काका गोंधळले, पण मागे हटले नाहीत. त्यांचंही म्हणणं खोटं नव्हतं. मागच्या कमिटीच्या काळात नोटीस मिळालीच नाही म्हणून तक्रार उपनिबंधकांपर्यंत गेली होती. सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी द्यावी लागते, आणि ती दिली हे सिद्ध करायचं काम सेक्रेटरीचं. ते दारोदार रजिस्टर घेऊन फिरतात. कुणी घरी नसतं, कुणी मुद्दाम दार उघडत नाही, कुणी "नंतर करतो सही" म्हणतं. या वयात जिने चढून त्यांचे गुडघे गेलेत. "मला पुरावा पाहिजे," ते मला म्हणाले, "आणि तुमचं यंत्र मला पुरावा देतं."

मग कोपऱ्यात बसलेल्या एका वयस्क सभासदांनी हात वर केला. त्यांची तक्रार उलटी होती. जुन्या एका ठरावाच्या वेळी त्यांना जो मसुदा दिला गेला आणि इतिवृत्तात जो चिकटवला गेला, त्यांत एक ओळ वेगळी होती. त्यांच्याकडे त्या मसुद्याची प्रत राहिली नव्हती, त्यामुळे पुढे काही करता आलं नाही. त्यांचा प्रश्न आम्हाला होता. "मी वाचलं की नाही ते सोडा. मला जो कागद दिला तोच हा, हे तुमचं यंत्र सांगू शकेल का?"

कार्पेटचा विषय पुढच्या सभेवर गेला. चहा झाला. खजिनदार मावशी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "अगं, ते सेकंदाचं तेवढं काढ. बाकी चांगलं आहे."

27 नोव्हेंबर, बुधवार

पार्टनरशी दिवसभर वाद. त्याचं म्हणणं, सेकंद मोजणं हाच आपला माल, तो काढला तर हातात उरतं ते व्हॉट्सॲप. शिवाय पैसे देणार सेक्रेटरी, आणि सेक्रेटरीला ते हवंय. माझं म्हणणं, पैसे सोसायटी देते, आणि सोसायटी म्हणजे तळमजल्यावरच्या बाईही.

तो सीक्लोरचं उदाहरण देतो. पवईच्या आयआयटीतल्या 'साईन'मध्ये वाढलेली ही मुंबईची कंपनी. पाठवलेला कागद कुणी उघडावा, कुणी छापावा, किती दिवस, याचा ताबा पाठवणाऱ्याकडे ठेवणारं तंत्र तिने बनवलं, आणि त्यावर धंदा उभा राहिला. मान्य. पण तिचं गिऱ्हाईक बँका आणि कंपन्या. तिथे कर्मचाऱ्याला ठाऊक असतं की कागद मालकाचा आहे. सोसायटीचा फिजिबिलिटी रिपोर्ट सेक्रेटरीच्या मालकीचा नाही. तो जितका त्यांचा, तितकाच वाचणाऱ्याचा.

कोपऱ्यातल्या सभासदांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याच्याकडे तयार होतं, आणि तिथून वाद निवळला. कोणत्याही फाइलीचा एसएचए-256 पद्धतीने 64 अक्षरांचा ठसा काढता येतो. फाइलीत एक स्वल्पविराम हलला तरी ठसा पार बदलतो. देताना ठसा नोंदवला आणि तो घेणाऱ्याच्याही फोनमध्ये राहिला, की नंतर कुणी ओळ बदलली तर ती लपत नाही. आणि हे नुसतं तांत्रिक कौतुक नव्हे. 1 जुलैपासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात द्यायची तर जे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याच्या नमुन्यातच हा ठसा भरायची जागा आहे. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम 65-ब च्या काळात अशी चौकट नव्हती. कायद्याने आमच्यासाठी रकाना आखून ठेवलाय, आणि आम्ही सेकंद मोजत बसलो होतो.

वर्षानुवर्षं आवक खिडकीवर जे चाललंय, तेवढंच करायचं ठरलं. काय दिलं, कुणाला दिलं, कधी मिळालं, आणि दिलं तेच हे आहे. घेणाऱ्याने 'मिळालं' दाबायचं, दोघांकडे सारखी पोच राहील. वाचलं का, किती वाचलं, रात्री वाचलं की सकाळी, हे कुणालाच दिसणार नाही. आम्हालाही नाही, म्हणजे साठवायचंच नाही. जो आकडा आमच्याकडे असेल तो कधीतरी कुणीतरी मागणारच.

3 डिसेंबर, मंगळवार

पुन्हा झेरॉक्सचं दुकान. ओटीपी काढून टाकलाय. गिऱ्हाइकाच्या फोनवर चार आकडे दिसतात, ते तो दुकानदाराला तोंडी सांगतो, प्रिंट निघते, फाइल दुकानात उतरतच नाही. लाइन अडली नाही. एका आजींना चार आकडे वाचता येईनात, तर मागच्या मुलाने वाचून दिले. म्हणजे तिथेही गळती आहेच, पण डाउनलोडच्या फोल्डरइतकी नाही.

दुकानदाराची सूचना: पोचही छापून द्या. अर्ध्या पानावर, मोठ्या अक्षरात, तारीख ठळक. फोनमधली पोच लोकांना पटत नाही, खिशात ठेवता आली पाहिजे. लगेच पुढचा प्रश्न, "त्या पानाचे पैसे माझे ना?" त्याचेच. हा पहिला माणूस ज्याला आमच्या ॲपमधून कमाई दिसली.

टायपिस्ट बाईंची श्रीलिपीची फाइल आज नीट उघडली. जोडाक्षरं दोन ठिकाणी तुटली, 'क्ष'ला अजून त्रास आहे. बाईंनी सगळं वाचून पाहिलं आणि सांगितलं, फोटो काढणं मी इतक्यात सोडणार नाही.

7 डिसेंबर, शनिवार

सेक्रेटरी काकांना नवी आवृत्ती दाखवली. सेकंद गेले म्हणून ते नाराजच आहेत. म्हणाले, "मग लोक वाचत नाहीत ते मला कसं कळणार?" मी म्हटलं, काका, ते रजिस्टरवरूनही कळत नव्हतं. यावर ते काही बोलले नाहीत, पण पोचेचा नमुना दोनदा नीट वाचला, आणि दार न उघडणाऱ्यांचं काय, हा रास्त प्रश्न विचारला. त्यांना नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायची आणि पावतीचा फोटो त्याच नोंदीला जोडायचा, असं ठरलं. ते आमच्या यादीत नव्हतं. आता आहे.

कोपऱ्यातले सभासद भेटले नाहीत, गावी गेलेत. त्यांचा ठसा त्यांच्या फोनमध्ये गेलाय.

सोसायटीची कमिटी 15 तारखेच्या बैठकीत ठरवणार आहे. तोवर आणि त्यानंतरही सहा महिने कागदी रजिस्टर बरोबरीने चालू राहील, ही त्यांची अट आम्ही मान्य केली. दर काय लावायचा यावर पार्टनरचं आणि माझं अजून जमलेलं नाही. खजिनदार मावशींनी मात्र निरोप दिलाय की जो काही आकडा असेल तो लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, 12 तारखेच्या आत आणून द्या. ईमेलवरचं कोटेशन कमिटी धरत नाही.

शिक्का अजून बनवलेला नाही. सोमवारी स्टेशनजवळ टाकते.